अमेरिकेतील अल्पसंख्याकांचे लघुउद्योग आणि सरकारी भांडवल

प्रश्न : अल्पसंख्याकांच्या लघुउद्योगांत गुंतवणूक करणाऱ्या परवानाधारक कंपन्यांना अमेरिकी सरकार प्रत्यक्ष पैसा देत असे, की केवळ हमी?

उत्तर : दोन्ही. अशा गुंतवणूक कंपन्यांचा मूळ कायदा १९५८चा; अल्पसंख्याकांसाठीचा उपक्रम १९६९मध्ये आला. कंपनीने आधी स्वतःचे खासगी भांडवल उभे करायचे, मग त्या प्रमाणात लघुउद्योग प्रशासन ही सरकारी संस्था तिचे अग्रहक्क समभाग (लाभांशात आधी हक्क असलेले समभाग) वा कर्जरोखे विकत घेई, किंवा रोख्यांना हमी देई.

प्रश्नकर्ता : म्हणजे उद्योजकाचा अर्ज सरकारकडे जातच नसे?

दुसरे उत्तर : नाही, जात नसे. कोणाला पैसे द्यायचे हे कंपनीच ठरवी, आणि माझ्या मते खरी गोम तिथेच होती. लहान रकमांच्या व्यवहारातही छाननीचा खर्च फारसा कमी होत नाही, म्हणून असे व्यवहार कंपनीला महाग पडत. १९९६मध्ये या प्रकारच्या कंपन्यांना नवे परवाने देणे बंद झाले.