मदत हवी आहे: डेकमधला बाल्सा (हलकं लाकूड) कुजला आहे, जागी फोम घालू, बाल्साच घालू की मरीन प्लाय?

नमस्कार मंडळी,

देवबागला आमची २४ फुटी फायबरची होडी आहे. परदेशी बनावटीची, सेकंडहँड घेतलेली. हंगामात वडील तिच्यावरून पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला नेतात. यंदा हंगाम संपता संपता नाळेकडच्या (पुढच्या टोकाच्या) डेकवर पाय दिला की डेक दबायला लागला. आता होडी वर ओढून झापांनी शाकारली आहे. दुरुस्ती पावसाळ्यातच उरकायची आहे.

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळा डेक ठोकून पाहिला. चांगल्या जागी टणक आवाज येतो, खराब जागी बद्द वाजतं. खडूने हद्द आखली तर साधारण २ चौरस मीटर भाग निघाला, आणि तो बरोबर दोर बांधायच्या खुंट्याभोवती आणि रेलिंगच्या बोल्टांच्या ओळीने पसरलेला. म्हणजे पाणी त्या भोकांतूनच उतरलं आहे. खुंट्याजवळ भोक पाडलं तेव्हा ड्रिलला चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला भुसा चिकटून आला. वर फायबरचा ३ मिमी थर, मध्ये १२ मिमी बाल्सा आणि खाली २ मिमीच्या आसपास फायबर, अशी रचना आहे. खालचा थर शाबूत आहे, म्हणून वरचा थर कापून आतलं काढायचं ठरवलं आहे. अडलंय ते आत काय भरायचं यावर.

वडील म्हणतात, "मरीन प्लाय घाल आनि मोकळो हो." प्लाय सहज मिळतो आणि बोल्ट आवळले तरी चेपत नाही, हे खरं. पण मी हिशेब केला: २ चौरस मीटरला १२ मिमी प्लाय म्हणजे १५ किलोच्या वर वजन. तेवढ्याच जागेत बाल्सा साडेतीन-चार किलो आणि ८० घनतेचा (घनमीटरला ८० किलो) पीव्हीसी फोम दोन किलोच्या आत. नाळेवर एवढं जास्तीचं वजन मला नको आहे. शिवाय प्लायचे थर आडवे असतात, त्यामुळे एका भोकातून शिरलेलं पाणी रेषांवाटे लांबवर जातं.

बाल्साच परत घालावा, तर दाब आणि ताठपणा या दोन्हींत तो हलक्या फोमपेक्षा कितीतरी सरस आहे. त्याच्या रेषा उभ्या असल्याने पाणी लाकडातून आडवं सावकाश पसरतं, पण ठोकळ्यांमधल्या फटी रेझिनने (फायबर घट्ट करणाऱ्या राळेने) भरलेल्या नसल्या तर तिथून सरळ धावतं. आमच्याकडे तेच झालंय. फोम कुजत नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण वरचा थर पातळ असला तर टाचेखाली खड्डे पडतात असं वाचलंय, आणि आमच्या डेकवर दिवसभर माणसं चढतात-उतरतात.

फायबरच्या कारागिराने थर्माकोल सुचवला. तो मी नाकारला, कारण पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकात थर्माकोल विरघळतो.

तेव्हा विचारायचं ते असं. मोकळ्या डेकला फोम आणि खुंट्याखाली प्लाय, असं मिश्रण चालेल का? फोम किती घनतेचा घ्यावा? आणि हे सगळं पॉलिस्टर रेझिनमध्ये करावं की इपॉक्सी रेझिनच हवं? सध्या मासेमारी बंदी असल्याने सगळ्यांच्या होड्या दुरुस्तीला लागल्यात, कारागीर मिळणं कठीण आहे. काम मी आणि धाकटा भाऊ मिळूनच करणार आहोत.

प्रतिसाद १

मी मुंबईत शिडाच्या होड्यांची कामं करतो. तुमची दिशा बरोबर आहे, पण खुंट्याखाली प्लाय नको. तिथे आतलं सगळं काढून फायबरचे थर एकावर एक चढवत भरीव करा, आणि खालून चांगली रुंद प्लेट लावा. पुढे कधी सील गेलं तरी पाण्याला भिजवायला काही सापडणार नाही. रेलिंगच्या प्रत्येक बोल्टाला मोठं भोक पाडा, भोवतीचा फोम कोरून काढा, घट्ट इपॉक्सी भरा आणि सुकल्यावर त्यातूनच नवीन भोक घ्या. भरीव भागाकडून फोमकडे जाताना जाडी एकदम बदलू देऊ नका. फोमची कड तिरपी करा, नाहीतर त्या रेषेवर ताण येऊन पुढे तडा जातो.

फोम १०० घनतेचा घ्या. ८० चाही टिकतो, पण तुमच्याकडे वर्दळ आहे. पवनचक्कीच्या पात्यांना असाच फोम आणि बाल्सा लागतो, त्यामुळे कंपोझिटचं सामान विकणाऱ्यांकडे चौकशी करा. जाडी १२ मिमीच ठेवा. ताठपणा दोन थरांमधल्या अंतरावर असतो. अंतर निम्मं झालं तर ताठपणा साधारण चौथ्या हिश्श्यावर येतो.

रेझिन इपॉक्सीच. जुन्या, पूर्ण सुकलेल्या फायबरला पॉलिस्टर तितकं धरत नाही. मात्र इपॉक्सीबरोबर नेहमीची चॉप्ड मॅट (तुटक तंतूंची फायबरची चटई) वापरू नका. तिचे तंतू धरणारा बाइंडर स्टायरीनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती मऊ होत नाही. शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या तंतूंचं) कापड आणा. कडेला जुना थर जाडीच्या १२ पट रुंदीत उतरता घासा, म्हणजे तुमच्या ३ मिमीला साडेतीन सेंटिमीटरच्या वर. फोम बसवताना खालच्या थरावर आधी पातळ इपॉक्सी, मग सिलिकाची पूड घालून घट्ट केलेली. फोमला हवा निघायला बारीक भोकं पाडा, वर प्लास्टिक टाकून वाळूच्या पोत्यांनी दाबा. भोकांतून रेझिन वर आलं की खाली पोकळी राहिली नाही असं समजा.

पावसाळ्यातली सर्वांत मोठी अडचण दमटपणाची. इपॉक्सी सुकल्यावर वर तेलकट साय धरते. प्रत्येक थराआधी ती साध्या पाण्याने घासून धुवा, वाळू द्या, मगच पॉलिश पेपर. शेवटी जेलकोट (वरचा चकचकीत पॉलिस्टर थर) नको, इपॉक्सीवर तो नीट सुकत नाही. दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग द्या, आणि रंग पांढराच. गडद डेक उन्हात इतका तापतो की पीव्हीसी फोम मऊ पडू शकतो.

धागाकर्ता

दादा, मनापासून आभार. भरीव खुंट्याचं वडिलांनाही पटलं. एकच शंका: खडूच्या रेषेबाहेर आवाज टणक आहे, पण बाल्सा किंचित दमट लागला तर तो ठेवायचा का?

प्रतिसाद २

ठेवू नका. भुसा बोटांत चुरडून पाहा, कोरडा, पांढरा लागेपर्यंत कापत जा. दमट लाकडावर इपॉक्सी चढवली तर ओल आत कोंडते आणि जोडही नीट धरत नाही. कापलेला भाग दोनाचा तीन चौरस मीटर झाला तरी चालेल, फोम तेवढा जास्त मागवून ठेवा. आणि घासताना मास्क धुळीचा साधा नको, कार्ट्रिजवाला घ्या, तुम्हा दोघांनाही.