कॉम्प्रेसर थांबत नाही म्हणजे फ्रिज गेला असं नाही

कॉम्प्रेसर, म्हणजे फ्रिजमधला गॅस दाबून फिरवणारी मोटर, थांबतच नाही, म्हणून दहा वर्षं वापरलेला फ्रिज काढावा का, असा प्रश्न आहे. थांबा, आधी कंडेन्सर बघा, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारी, सहसा फ्रिजच्या मागे असलेली नळ्यांची जाळी. स्वयंपाकघरातली तेलकट धूळ त्याच्यावर गोधडीसारखी बसते आणि उष्णता बाहेर पडत नाही. मग दाराचं रबर: कागदाची पट्टी दारात अडकवून ओढा, अलगद सुटली तर रबर बदला. एवढं करूनही आत ५ अंश सेल्सिअसच्या वरच राहत असेल, किंवा भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा गळत असेल, तर मात्र दुरुस्तीत पैसे घालू नका. इव्हॅपोरेटरची कॉइल (आतला भाग थंड करणारी नळी) गंजली असेल तर नाहीच नाही. आणि हो, नुसत्या डिस्प्लेवर विसंबू नका. पाण्याच्या ग्लासात थर्मामीटर बुडवून रात्रभर आत ठेवा, सकाळी दार उघडताक्षणी आकडा बघा.