गणवेशाचं कटिंग: कापड कमी वाया जावं म्हणून काय करावं?

सुईदोरा (डिचोली)
वहिनी आणि मी शाळेचे गणवेश शिवतो. यंदा २०० हाफ शर्टांची ऑर्डर आहे: एस ४०, एम ८०, एल ६०, एक्सएल २०. टेरिकॉट, पन्हा ५८ इंच, टेबल २० फुटी. आजवर एकेका साइझचा फर्मा ठेवून एकेक शर्टाचा थर लावत आलो. कात्रणांची पोती भरतात आणि शेवटी दोन-तीन शर्टांचं कापड कमी पडतं. पुन्हा आणायला जावं तर तीच छटा मिळत नाही. सॉफ्टवेअर घ्यावं का?

कात्रीवाले (म्हापसा)
ताई, सॉफ्टवेअर नंतर बघू. आधी साइझची जुळणी करा. पहिला मार्कर (म्हणजे कापडावर फर्म्यांची एकत्र मांडणी) एक एम, एक एल, एकावर एक कापडाचे ६० थर. दुसरा दोन एस, एक एम, एक एक्सएल, २० थर. मोजून बघा, २०० बरोबर भरतात. मोठ्या पाठीशेजारच्या खाचेत छोट्या शर्टाचा कॉलर-खिसा बसतो, एकट्या शर्टाच्या मार्करमध्ये तेवढी जागाच नसते. शिवाय थराच्या दोन्ही टोकांना दोन-दोन सेंटिमीटर सोडावे लागतात. तुमचे २०० थर, म्हणजे ८ मीटर कापड नुसतं टोकांत गेलं. इथे ८० थर, ३.२ मीटर. तुमचे कमी पडणारे शर्ट तिथेच आहेत.

आणि पन्हा दुकानदार सांगतो म्हणून धरू नका. प्रत्येक तागा काठ वगळून तीन ठिकाणी मोजा. अरुंद आणि रुंद तागे वेगळे लावा, दोघांना वेगळा मार्कर. हे मी वर्षानुवर्षं कटिंग टेबलावर पाहिलंय, अर्ध्या इंचाने फरक पडतो.

निळी_बॉबिन (फोंडा)
काकांची जुळणी अगदी योग्य, पण टेरिकॉटचे ६० थर एकदम कापू नका. ब्लेड तापलं की त्यातलं पॉलिएस्टर वितळून कडा एकमेकींना चिकटतात. ३०-३० असे दोनदा लावा, टोकांचं नुकसान तेवढंच राहतं.
सॉफ्टवेअर हवंच तर डीपनेस्ट मोफत आहे. त्यात रोटेशन २ ठेवा, नाहीतर तुकडे आडवे फिरवतं आणि उभा धागा चुकतो. नाहीतर पुठ्ठ्याचे एक-पंचमांश मापाचे फर्मे कापून आलेख कागदावर फिरवून बघा, चांगला मार्कर जमला की फोटो काढा. कापल्यावर कात्रणं वजन करा. मार्करच्या कापडात कात्रण किती टक्के, ते वहीत लिहा. माझं २२ वरून १६ वर आलं.

सुईदोरा
काका, ताई, मनापासून आभार. तागे आज मोजले: दोन ५७, एक ५८. स्कर्टांचं कापड चेक्सचं आहे, तिथेही हेच चालेल?

कात्रीवाले
चेक्सला नाही. चौकडी जुळवायला प्रत्येक तुकडा एका घरापर्यंत सरकवावा लागतो, तेवढं कापड आधीच जास्त धरा. थर लावताना चौकडीच्या रेषेवर सुया टोचा आणि थर कमी ठेवा.

सुईदोरा
बरं. शर्टांच्या मार्करचा फोटो रविवारी टाकते.