सातव्या महिन्यात केराटिन की नुसता रंग?

नेरूळची_सई
मला सव्विसावा आठवडा चालू आहे. पुढच्या रविवारी डोहाळजेवण, सासूबाईंनी हिरवी पैठणी काढून ठेवलीय. दिवस गेल्याचं कळल्यापासून केसांना रंग लावला नाही, त्यामुळे भांगात बोटभर पांढरं दिसतंय. शिवाय पावसाळी हवेत केस नुसते फुगतात. पार्लरवाल्या ताई म्हणतात, "रंग नको, केस सरळ करणारं केराटिन करा, प्रोटीनच असतं ते." आधीचं एक बाळ पोटातच गेलंय माझं, म्हणून फार धास्ती वाटते. डॉक्टरांची पुढची तारीख पंधरा दिवसांनी आहे. काय करू?

नौपाडा_पार्लर
सई, केराटिन आत्ता नको. चौदा वर्षं हेच काम करतेय म्हणून कळकळीने सांगते. नावात प्रोटीन असलं तरी अशा बऱ्याच औषधांत केस सरळ ठेवतं ते फॉर्मल्डिहाइड, किंवा तापल्यावर ते सोडणारा एखादा घटक. औषध लावून एकेक बट २०० अंशांच्या वर तापलेल्या मशीनने ओढतात. त्या वेळी निघणारा धूर गिऱ्हाइकाच्या आणि आमच्याही नाकातोंडात जातो. माझ्या धाकटीच्या वेळी मी एसीच्या बंद खोलीत हे काम करत होते. डोळ्यांतून पाणी, घशात जळजळ. चौथ्या महिन्यात ते काम थांबवलं, पुन्हा कधी घेतलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने फॉर्मल्डिहाइडला २००४ सालीच कर्करोगकारक ठरवलंय. 'फॉर्मल्डिहाइड फ्री' लिहिलेल्या बाटलीवरही भरवसा नको. त्यात पुष्कळदा ग्लायऑक्झिलिक ॲसिड असतं आणि त्यामुळे मूत्रपिंडाला इजा झाल्याचे रुग्ण परदेशात नोंदले गेलेत.
रंगाचं तसं नाही. डोक्याच्या कातडीतून तो फार थोडा आत जातो.

घोडबंदरची_आई
मला माझ्या डॉक्टरांनी तीन महिने उलटल्यावर रंगाला हो म्हटलं होतं. मी फॉइल लावून बटा रंगवल्या, म्हणजे रंग कातडीला लागतच नाही. खिडकी उघडी ठेवायला सांग. आणि ४८ तास आधी कानामागे थेंबभर लावून बघ, नेहमीचा रंग असला तरी. या दिवसांत कातडी बदलते, मला खाज सुटली होती.
'काळी मेंदी' मात्र नैसर्गिक समजून आणू नकोस. खरी मेंदी तांबूस रंगते, काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी या ॲलर्जी करू शकणाऱ्या रसायनाचा असतो.

कोपरखैरणे_२२
बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस मूठमूठ गळतील, तेव्हा घाबरू नकोस. वर्षभरात भरून येतात.

नेरूळची_सई
तारखेची वाट न बघता आज डॉक्टरांना फोन केला. त्यांनीही केराटिन नको सांगितलं, फक्त मुळांना रंग चालेल म्हणाल्या. शुक्रवारी कानामागे लावून बघते, खाज सुटली नाही तर रविवारी सकाळी बहीण घरीच गॅलरीत बसवून लावेल. फुगलेल्या केसांचा अंबाडा घालीन, वर गजरा. नौपाड्याच्या ताई, तुमचं वाचून रडूच आलं. धाकटी बरी आहे ना?