मदत हवी आहे : भाच्याच्या आठवणीत मुलांसाठी गळाचा एक दिवस (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझा 19 वर्षांचा भाचा मागच्या वर्षी आजारपणात गेला. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे.

त्याला गळाचं भारी वेड. अमेरिकेतल्या बास माशाचे व्हिडिओ बघून शिकला. बास काही आपल्या गोदावरीत नाही, म्हणून व्हिडिओतल्यासारखाच रबरी बेडूक गळाला आमिष लावून तो मरळ मासा धरायचा. पावसाळ्यात पिल्लांचा लालसर घोळका राखत असलेली मरळ दिसली, की मात्र गळ गुंडाळून सरळ घरी. "मामा, तिला उचललं तर पिल्लं कोण राखणार?"

त्याची पेटी ताईने अजून हलवलेली नाही. त्यातल्या एका बेडकाचा तुटलेला पाय त्याने लाल दोऱ्याने बांधलाय.

त्याच्या नावाने दहा-बारा मुलांना एक दिवस गळ टाकायला शिकवायचं मनात आहे. गंगापूर किंवा दारणा धरणाच्या बाजूला उथळ, सुरक्षित काठ कुणाला माहीत आहे का? धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. मग त्यांची परवानगी पुरते, की जलसंपदा खात्याकडेही अर्ज करावा लागतो? लहान मापाची लाइफ जॅकेटं भाड्याने कुठे मिळतील? आणि मासा गळातून सोडवून जिवंत परत पाण्यात कसा सोडायचा, हे शिकवायला कुणी येईल का? सगळ्यांचे डबे ताई करणार आहे.