धैवताला आवाज एकदम दुसऱ्याच बाईचा होतो, काय करू?

पेटीशेजारची:
नमस्कार मंडळी, गाणं शिकायला लागून दीड वर्ष झालं, वय ३८, म्हणजे उशिराच सुरुवात. क्लासमध्ये माझी पट्टी काळी चार आहे, म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी हा माझा सा. खालचा सा ते पंचमापर्यंत (प) आवाज कसा भरलेला, छान येतो, सगळे म्हणतात हो चांगला आहे, आणि धैवतावर (ध) गेलं की कट्! एकदम बारीक, हवा मिसळलेला आवाज, जसं काही माईक दुसऱ्या कुणीतरी घेतलाय. भूप (सा रे ग प ध एवढेच स्वर असलेला राग) चालू आहे सध्या, त्यामुळे ग प ध सां करताना दर वेळी तो सांधा उघडा पडतो, लपवायला मध्ये दुसरा स्वरच नाही. जोर लावला तर धैवत भरीव येतो पण मग तार सा ला (वरच्या सा ला, सां) आवाज चिरकतो आणि मान ताठ होते, जोर नाही लावला तर बारीक.

आता गंमत बघा. सोसायटीच्या भजनी मंडळात पेटी काळी पाचला असते. तिथे हाच प्रकार धैवताला नाही, पंचमालाच होतो! म्हणजे माझा पंचमसुद्धा कच्चा आहे का? क्लासमध्ये तर पंचम व्यवस्थित लागतो. बाई म्हणतात रियाज वाढव. वाढवला. सांधा तिथेच.

काळीपांढरी:
ताई, मी पेटी वाजवतो, गात नाही (घरच्यांवर उपकार), पण तुमच्या पोस्टमध्येच उत्तर आहे. पेटी काढा. काळी चारचा सा धरा आणि शुद्ध धैवतावर बोट ठेवा, कुठे आलं? वरच्या सप्तकातल्या पांढरी चारवर. आता काळी पाचचा सा धरा आणि पंचम दाबा. तीच पांढरी चार! तीच पट्टी, तोच सूर, फक्त नाव बदललं. घशाला पंचम आणि धैवत कळत नाही हो, त्याला फक्त उंची कळते.

म्हणजे पंचम कच्चा नाही की धैवत कच्चा नाही, तुमच्या गळ्याचा सांधा पांढरी चारच्या आसपास आहे, बस. बऱ्याच बायकांचा तिथेच कुठेतरी असतो, एखादी पट्टी इकडे तिकडे. पुढच्या वेळी पांढरी सहाला गाऊन बघा, कोमल धैवताला (शुद्धच्या एक पट्टी खाली) अडकाल बहुतेक.

वसईचा_टेनर:
काळीपांढरी यांना +१, हे मला कोणी विसाव्या वर्षी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी वसईचा, चर्चच्या क्वायरमध्ये लहानपणापासून गातो, आणि सुगम संगीतही थोडं शिकलोय, त्यामुळे दोन्हीकडचा मार खाल्लाय. क्वायरमध्ये या सांध्याला पॅसाजिओ म्हणतात, इटालियन शब्द, म्हणजे मधली वाट. खालचा तो चेस्ट व्हॉइस, वरचा हेड व्हॉइस. छातीतून किंवा डोक्यातून आवाज निघतो असं काही नसतं, कंप तिथे जाणवतो म्हणून ती नावं पडली. आवाज दोन्ही वेळा स्वरतंतूंमधूनच येतो. होतं काय, तर एक स्नायू तंतूंच्या आतच असतो, तो आवळला की तंतू आखूड, जाड होतात आणि आवाज भरीव येतो. दुसरा स्नायू बाहेरून त्यांना ताणतो, मग ते लांब, पातळ होतात आणि सूर वर चढतो. पांढरी चारला तंतू सेकंदाला साधारण ३५० वेळा एकमेकांवर आपटतात, जाडजूड राहून ते सहजी जमत नाही. तुमचा आतला स्नायू पंचमापर्यंत 'मी सोडणार नाही' म्हणून धरून बसतो आणि धैवताला दमून एकदम सोडून देतो. ते एकदम सोडणं म्हणजे तुमचा कट्.

म्हणून उपाय वर जोर लावण्यात नाहीये. खालीच, म्हणजे ग आणि प वरच थोडं थोडं सोडत जायचं, म्हणजे धैवत येईपर्यंत सोडायला फार उरतच नाही.

करून बघा: वरून खाली या. तार सा 'ऊ' वर धरा, अगदी हळू, शेजारच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली तर तुमचा आवाज त्यात बुडाला पाहिजे इतका. तिथून मींडेने सां ध प ग असं घसरत या आणि पांढरी चार ओलांडताना आवाज वाढवू नका, खाली आल्यावर भरीव आवाज घ्यायचा मोह होतो तो टाळा. वरचा पातळपणा गंधारापर्यंत खाली न्यायचा. आठवडाभर हेच. मग 'ऊ' चा 'ओ', मग 'ऑ', आणि सगळ्यात शेवटी 'आ'. आकार सगळ्यात अवघड, तोंड उघडलं की जुना स्नायू परत दादागिरी करतो.

दुसरं, ग्लासात पाणी घ्या, स्ट्रॉ दोन बोटं बुडवा आणि त्यातून भूपाचा आरोह, म्हणजे चढते स्वर, गुणगुणा. बुडबुडे अखंड आले पाहिजेत. सांध्यावर ते क्षणभर थांबतील किंवा एकदम भसकन येतील, कानाला कळायच्या आधी डोळ्याला दिसतं. माझे तर मुलगी मोजायची, 'पप्पा, परत अडकला'.

खर्जवाले_आजोबा:
स्ट्रॉ, ग्लास, बुडबुडे... गाणं शिकताय की सरबत करताय? पहाटे उठून खर्ज लावा, तासभर मंद्र (खालच्या सप्तकातला) सा धरून बसा, वरचं आपोआप मोकळं होईल. आमच्या वेळी सांधे बिंधे नव्हते.

वसईचा_टेनर:
आजोबा, खर्जाला माझा विरोध नाही, आवाजाला बूड येतं, दमसास वाढतो. पण खर्ज जाड तंतूंचा व्यायाम आहे, आणि ताईंचे ते आधीच तगडे आहेत. आणि सांधे तुमच्या वेळीही होते की! मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ मध्ये दंतवैद्याचा छोटा आरसा घशात घालून स्वतःचे तंतू गाताना बघितले होते, या रजिस्टरच्या, म्हणजे जाड-पातळ आवाजाच्या, भानगडीवर त्याने आयुष्य घालवलं. आणि किशोरकुमारचं यॉडलिंग काय आहे? तोच सांधा! आपण लपवतो, तो माणूस मुद्दाम त्याच्यावरून उड्या मारायचा.

एक मात्र ताई, आमच्या क्वायरच्या सोप्रानो (सगळ्यात उंच आवाजाच्या बायका) गातात तसा पूर्ण हेड व्हॉइस तुम्हाला नकोय. अभंगात तो आवाज कानाला परका वाटतो. तुम्हाला खालचाच आवाज हवाय, फक्त वर जाताना बारीक होत जाणारा, गाजर टोकाकडे होतं तसा.

टाळकरी_७७:
मधेच घुसतो. पुरुषांचं पण असंच असतं का? आमच्या मंडळात पेटी काळी चारच्या खाली येत नाही, गजर टिपेला गेला की मी नुसता ओरडतो. सप्ताह झाल्यापासून महिना झाला, आवाज बसलेलाच आहे.

वसईचा_टेनर:
दादा, सांध्याचं नंतर बोलू. महिनाभर आवाज बसलाय तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, ते दुर्बीण घालून तंतू बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. दोन-तीन आठवड्यांच्या वर घोगरेपणा राहिला तर थांबायचं नसतं, तंतूंवर गाठी येतात ओरडून ओरडून. आणि तोवर गजरात टाळच वाजवा, कुजबुजूही नका, त्यानेही ताण येतो.

बाकी हो, पुरुषांचाही साधारण त्याच पांढरी चारच्या शेजारी असतो. पट्टी काळी एक असेल तर तो तार गंधार, त्यामुळे रोज भेटत नाही. तुमच्याकडे काळी चारला तो मध्य धैवतच, म्हणजे गजर टिपेला गेला की सगळं सांध्याच्या वरच चालतं.

पेटीशेजारची:
सगळ्यांचे आभार! पेटीवर बोट ठेवून बघितलं आणि खरंच तीच पट्टी, अंगावर काटा आला, दीड वर्ष मी उगाच धैवताला शिव्या घातल्या.

दहा दिवस झाले. 'ऊ' वर खाली येताना आता कट् होत नाही, पण आवाज इतका बारीक की नवरा विचारतो बरं वाटत नाहीये का. बुडबुडे पहिले तीन दिवस अडकत होते, आता भूपाच्या आरोहात दहातले सात वेळा सलग येतात. आकारावर अजून फाटतोच. बाईंना सांगितलं तर त्यांनी आधी भुवया उंचावल्या, मग म्हणाल्या 'मींड करतेस ना, मग चालू दे'.

मंडळात पेटी काळी चारला घ्या म्हणून विचारलं. पेटीवाल्या काकांची स्केल चेंजर (पट्ट्या सरकवून सा बदलता येणारी पेटी) नाहीये आणि त्यांची बोटं काळी पाचलाच बसलीयत वीस वर्षं, ते हलायला तयार नाहीत.

काळीपांढरी:
पेटीवाल्याची बाजू घेतो, बोटं बसली की बसली :) पण ताई, आलाप नका घेऊ, पंचमाच्या खालची ओळ तुम्ही उचला आणि वरची दुसऱ्या कुणाला द्या. भजनात चालतं.

पेटीशेजारची:
तसंच ठरलंय. वरच्या ओळीला मी झांजा घेते.