एटीपीचा बंध तुटला की ऊर्जा मिळते, हे विधान बरोबर कसे?

प्रश्न (बारावी विज्ञान, वाळपई)
जीवशास्त्राच्या टिपणांत ‘एटीपीतील (पेशीत ऊर्जा पुरवणारा रेणू) फॉस्फेटचा बंध तुटला की ऊर्जा मुक्त होते’ असे लिहिले आहे, तर रसायनशास्त्राचे सर सांगतात की कोणताही बंध तोडायला ऊर्जा घालावीच लागते. यातले खरे काय मानावे? शिवाय घरी काजूच्या बोंडांचा रस आंबवायला ठेवला आहे. फेस धरल्यापासून पिंपाला हात लावला तर कोमट लागतो. ही उष्णता एटीपीचीच का?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, मडगाव)
तुमच्या सरांचेच खरे. एटीपी आपोआप तुटत नाही. त्याची पाण्याशी अभिक्रिया होते आणि एडीपी (एक फॉस्फेट कमी झालेला एटीपी) व सुटा फॉस्फेट तयार होताना नवे बंधही जुळतात. ऋण प्रभाराचे तीन फॉस्फेट गट एटीपीत एकमेकांना रेटत दाटीने बसलेले असतात. ती दाटी सैल होते, सुट्या फॉस्फेटला पाण्याचे रेणू नीट वेढतात, आणि हा सगळा जमाखर्च मांडला की प्रमाण स्थितीत एका मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचे माप) ३०.५ किलोज्यूल मुक्त ऊर्जा, म्हणजे कामी लावता येणारी ऊर्जा, घटलेली दिसते. टिपणांतले वाक्य परीक्षेत खपून जाते, मला मात्र ते शिकवताना नेहमी खटकायचे. पिंपातले यीस्ट ग्लुकोजच्या एका रेणूपासून दोनच एटीपी मिळवते. ग्लुकोजच्या एका मोलमागे मुक्त ऊर्जेतली एकूण घट सुमारे २३५ किलोज्यूल, त्यातून दोन एटीपींचे ६१ वजा जाता उरते ती तुमची उष्णता.

उत्तर (फोंडा)
बाई, शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे, कारण मुक्त ऊर्जेतली घट म्हणजे उष्णता नव्हे. एक मोल ग्लुकोज जाळल्यास सुमारे २८०० किलोज्यूल मिळतात आणि त्यापासून झालेले दोन मोल अल्कोहोल जाळल्यास सुमारे २७३५. म्हणजे आंबताना उष्णता सुटते ती साधारण ६५ ते ७० किलोज्यूल. बाकीची घट एन्ट्रॉपीच्या (रेणूंच्या विखुरलेपणाच्या मापाच्या) खात्यावर जाते, कारण एका रेणूचे चार होतात आणि त्यांतले दोन वायूचे. यीस्ट जे एटीपी खर्चते, त्याचीही बहुतेक ऊर्जा अखेर याच उष्णतेत येते. लिटरभर रसात १०० ग्रॅम साखर धरली, तर काहीच उष्णता बाहेर न गेल्यास रस ९ अंशांनी तापेल. पिंपाभोवती वारा असतो, म्हणून तो नुसता कोमट लागतो.

प्रश्नकर्ता
म्हणजे साखरेतली बहुतेक ऊर्जा अल्कोहोलमध्येच राहिली?

उत्तर (फोंडा)
होय, जवळजवळ ९७ टक्के. म्हणूनच चमचाभर फेणी किंचित तापवून काडी लावली की निळसर ज्योत धरते. हुर्राकात, म्हणजे त्याच रसाच्या पहिल्या, सौम्य दारूत, पाणीच फार, तो सहसा पेटत नाही.